कंपवात आणि त्याचे भाऊबंद



विषयाला आरंभ करण्यापूर्वी आपणां सर्वांना एक विनंती आहे. उजवा हात समोर ताठ धरा, तळवा जमिनीकडे करा, बोटे पसरा आणि दारात मिळालेली कार्यक्रमपत्रिका बोटांच्या पाठीवर आडवी ठेवा. आता तिच्या कडेकडे पाहा. कड हलते आहे. मागच्या रांगेत कोणी म्हणत असेल, की माझी हलत नाही. त्यांनी जरा बारकाईने पाहावे. निरोगी माणसाचा हातही सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा बारीक थरथरत असतो. परीक्षेच्या खोलीत, रागाच्या भरात, चहा अंमळ जास्त झाल्यावर ती थरथर वाढते. तेव्हा ‘माझा हात सर्वस्वी माझ्या ताब्यात आहे’ असे म्हणण्याचा अधिकार या मंडपात कोणालाच नाही, वक्त्याला तर मुळीच नाही. हात खाली घ्या.

आज ज्या विकारांविषयी बोलायचे आहे त्यांत हा ताबा फार मोठ्या प्रमाणात सुटतो. हात कापतो, मान आपोआप वळते, खांदा उडतो, चेहरा वेडावाकडा होतो, आणि हे सारे शुद्धीवर असताना, मनात नसताना. किंवा याच्या अगदी उलट घडते : उठावेसे वाटते आणि अंग उठत नाही. अर्धांगवायूत स्नायूंची शक्ती जाते. फेफऱ्याच्या मोठ्या झटक्यात शुद्ध हरपते. येथे शक्ती शाबूत असते, शुद्धही शाबूत असते. दिलेली आज्ञा मात्र पाळली जात नाही, किंवा न दिलेली पाळली जाते. त्यातून यांतल्या बहुतेक हालचाली झोपेत थांबतात. त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते, की हा माणूस मनावर घेईल तर जागेपणीही थांबवील. घरची माणसे दटावतात, शाळेत मास्तर छडी मारतात, शेजारी देवऋष्याचा पत्ता देतात.

माझ्या आजोळी एक अप्पा होते. माणूस सरळ, माळकरी. चाळिशी उलटल्यावर त्यांचे दोन्ही हात कापू लागले. मांडीवर हात ठेवून बसले म्हणजे काही नाही. पण भरलेला पेला उचलला की निम्मे पाणी सदऱ्यावर. पंगतीत आमटीची वाटी तोंडाशी नेताना ती सांडे. गावाने निष्कर्ष काढला, की अप्पा चोरून पितात. ज्याने जन्मात थेंब घेतला नाही त्याच्यावर हा आळ! पुढे पुढे त्यांनी पंगतीला जाणेच सोडले. लग्नकार्यात आहेर देऊन, अक्षता टाकून ते परत फिरत. मी लहान होतो. मला ते गर्विष्ठ वाटत.

पुढे वैद्यकाचा अभ्यास करताना कळले, की या विकाराला नाव आहे. इंग्रजीत त्याला ‘इसेन्शियल ट्रेमर’ म्हणतात. हात कामाला लागला की कापतो. विसावला की थांबतो. पुष्कळ घराण्यांत तो बापाकडून मुलाकडे येतो. अप्पांच्या वडिलांचेही हात कापत, असे आजी सांगत असे. आणखी एक गोष्ट अशी, की मद्याच्या एखाद्या घोटाने हा कंप काही काळ खरोखरच कमी होतो. म्हणजे गावाने अप्पांवर जो आळ घेतला तो रोगाचे कारण तर नव्हताच, उलट अप्पांनी तसे केले असते तर बिचाऱ्यांचा हात पंगतीपुरता स्थिर राहिला असता! हा इलाज म्हणून मी सांगत नाही. प्रोप्रॅनोलॉल नावाचे, रक्तदाबासाठीही वापरले जाणारे औषध पुष्कळांना चांगला गुण देते. दम्याच्या रोग्याला मात्र ते चालत नाही. अप्पांना ते मिळाले नाही. त्यांना कोणी डॉक्टरकडे नेलेच नाही, कारण पिणाऱ्याला डॉक्टर काय करणार?

आता या कंपाची गाठ दुसऱ्या एका कंपाशी घालू नये. तो म्हणजे ज्याला आपल्याकडे कंपवात म्हणतात आणि जगभर पार्किन्सनचा रोग म्हणतात. लंडनच्या हॉक्स्टन भागात जेम्स पार्किन्सन नावाचा डॉक्टर होता. त्याने १८१७ साली थरथरत्या लकव्यावर एक लहानसा निबंध छापला. त्यात सहा रुग्णांची हकीकत आहे आणि त्यांतले काही तर त्याने केवळ रस्त्यात पाहिलेले. नाडी न धरता, नुसत्या चालण्यावरून आणि उभे राहण्याच्या ढबेवरून त्याने जे टिपले ते दोनशे वर्षांनी आजही वर्गात शिकवले जाते. रोगाला त्याचे नाव देण्याचा मोठेपणा पॅरिसच्या शार्कोने दाखवला, आणि लकवा हा शब्द येथे चुकीचा आहे, कारण शक्ती गेलेली नसते, हेही त्यानेच सांगितले.

पार्किन्सनचा कंप अप्पांच्या कंपाच्या उलट असतो. हात मांडीवर विसावला की कापतो, कामाला लागला की बहुधा ओसरतो. तो संथ असतो, सेकंदाला ४ ते ६ वेळा. अंगठा आणि तर्जनी अशी हलतात, की जणू औषधाची गोळी वळत आहेत. तो एका बाजूला सुरू होतो. परंतु श्रोतेहो, कंप हे या रोगाचे नुसते पाटीवरचे नाव आहे. खरे दुकान आत आहे, आणि तेथे मंदपणा विकला जातो. सदऱ्याची गुंडी लावायला पाच मिनिटे लागतात. अक्षर ओळीच्या शेवटी बारीक होत जाते. चालताना एक हात झुलत नाही. आवाज खोल जातो. चेहऱ्यावरचे भाव मावळतात, आणि घरात तक्रार सुरू होते, की ‘हे अलीकडे सदा रागावलेले असतात.’ ते रागावलेले नसतात. हसू मनात उमटते, पण चेहऱ्यापर्यंत पोचत नाही. कंप मुळीच नसलेले रुग्णही पुष्कळ असतात, आणि त्यांचे निदान हमखास उशिरा होते. कोणी सांधेदुखी म्हणते, कोणी म्हातारपण. वास न येणे आणि हट्टी बद्धकोष्ठ ही लक्षणे तर कित्येकदा हाताच्याही आधी अनेक वर्षे आलेली असतात.

हे का होते? मेंदूच्या गाभ्यात, वरच्या घड्यांच्या पुष्कळ खाली, करड्या पेशींचे काही पुंजके आहेत. त्यांचे काम समजण्यासाठी कालव्यावरचा पाटकरी डोळ्यांसमोर आणा. पाण्याला प्रत्येक शेतात शिरायचे असते. पाटकरी सगळी दारे बंद ठेवतो आणि ज्याची पाळी असेल त्याचे तेवढे उघडतो. आपले शरीर क्षणोक्षणी शेकडो हालचाली करू शकेल. हे पुंजके त्या सगळ्यांना रोखून धरतात आणि हवी ती एक सोडतात. म्हणजे हालचाल करणे हे मेंदूचे जितके मोठे काम, तितकेच ती न करणे हेही. शांत बसलेला माणूस काहीच करत नाही असे आपल्याला दिसते. आत पाटकऱ्याची पहारेदारी चालू असते. मग पाटकऱ्याच्या हातून दोन प्रकारच्या चुका होणार हे उघड आहे. एक, दार उघडायचे तेव्हा उघडत नाही. दुसरी, बंद ठेवायचे ते बंद राहत नाही. पहिलीचे उदाहरण पार्किन्सन. दुसरीचे उदाहरण कोरिया, त्याकडे पुढे वळू. कंप मात्र या उपमेत नीट बसत नाही हे मला कबूल केले पाहिजे. त्यात या पुंजक्यांबरोबर लहान मेंदूकडून जाणाऱ्या वाटाही गुंतलेल्या आहेत.

दार उघडायला लागणारे वंगण म्हणजे डोपामीन नावाचे रसायन. ते मेंदूच्या देठात एका काळसर पट्ट्यात तयार होते. लॅटिनमध्ये त्याला ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’, म्हणजे काळा पदार्थ, असेच म्हणतात. पार्किन्सनच्या रोग्यांत हा पट्टा फिका पडतो, हे १९१९ साली पॅरिसमध्ये ट्रेटियाकॉफने आपल्या प्रबंधात दाखवले. पण पट्टा फिका पडण्याचा आणि गुंडी न लागण्याचा संबंध काय, हे उलगडायला आणखी चाळीस वर्षे गेली. आणि तो उलगडा ज्या वनस्पतीच्या आधाराने झाला ती आपल्या ओळखीची आहे. तिचे नाव सर्पगंधा.

सर्पगंधेची मुळी आपल्या देशात उन्मादावर आणि निद्रानाशावर पूर्वापार दिली जाते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांना ती देऊन पाहिली आणि १९४९ साली आपले अनुभव ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्या एका लेखाने पाश्चात्त्य वैद्यक जागे झाले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. रक्तदाबावर आणि मनोविकारांवर त्याचा जगभर वापर सुरू झाला. वकिलांना १९५७ साली अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. परंतु रेसर्पीनच्या मोठ्या मात्रा दिलेल्या काही मनोरुग्णांत एक विलक्षण गोष्ट दिसू लागली. त्यांची चाल मंदावली, चेहरे थिजले, हात कापू लागले. औषधाने पार्किन्सनची हुबेहूब नक्कल केली होती.

त्याच १९५७ साली स्वीडनमध्ये लुंड येथे अर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पीन दिले. ससे कान पाडून, पोटावर पसरून निश्चल पडले. मग त्यांना डोपा नावाचे द्रव्य टोचले. हे द्रव्य मेंदूत शिरून तेथे डोपामीन बनते. थोड्याच वेळात ससे उठून इकडेतिकडे पळू लागले. कार्लसन यांनी ताडले, की रेसर्पीन मेंदूतील डोपामीनचे साठे रिकामे करते आणि डोपा ते पुन्हा भरते. १९६० साली व्हिएन्नात हॉर्निकीविच आणि त्यांचे सहकारी एरिंगर यांनी पार्किन्सनने मेलेल्या माणसांचे मेंदू तपासले. साठे तेथेही रिकामे होते. पुढच्याच वर्षी बिर्कमायर यांच्यासह त्यांनी हे औषध रोग्यांना टोचले, आणि अंथरुणाला खिळलेली माणसे काही तासांपुरती का होईना, उठून चालली. १९६७ साली अमेरिकेत कोत्झियास यांनी तोंडाने, हळूहळू मात्रा वाढवत ते देण्याची रीत बसवली, आणि लेवोडोपा हे पार्किन्सनवरचे मुख्य औषध झाले. आजही तेच मुख्य औषध आहे. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

येथे थोडे थांबून दुसऱ्या एका वनस्पतीकडे पाहू. आपल्या रानात खाजकुइलीचा वेल असतो. लहानपणी एखाद्या व्रात्य मुलाने ती सदऱ्यात टाकल्याचा प्रसाद ज्याने घेतला असेल तो तिला विसरणार नाही. तिच्या बिया, म्हणजे संस्कृतातील कपिकच्छू, आयुर्वेदात वातविकारांवर सांगितल्या आहेत. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या दोन भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी या बियांतून डोपा वेगळे काढून दाखवले. म्हणजे कार्लसनच्या सशांच्या वीस वर्षे आधी! कोणाला तेव्हा त्याचा उपयोग ठाऊक नव्हता. एका वेलीने साठे भरतात, एका मुळीने ते रिते होतात, आणि दोन्ही आपल्याच वैद्यांच्या बटव्यात होत्या. मला या गोष्टीचा अभिमान वाटतो. पण ‘आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असे मी म्हणणार नाही. कोणत्या रोग्याच्या मेंदूत कशाची उणीव आहे हे कळायला व्हिएन्नातले ते मेंदू उघडावे लागले. आणि कोणी घरी जाऊन खाजकुइलीचे चूर्ण फाकू नये. बीबीगणिक त्यातील द्रव्याचे प्रमाण बदलते, आणि गोळ्या चालू असताना त्यावर चूर्ण घेतले तर मात्रा भलतीकडेच जाते.

भलतीकडे म्हणजे कुठे? लेवोडोपा काही वर्षे घेतल्यावर पुष्कळ रुग्णांत दिवसाचे तुकडे पडतात. गोळी उतरली की अंग थिजते. गोळी चढली की हात, खांदे, मान वळवळू लागतात. सकाळी दार उघडत नाही म्हणून अडलेला माणूस अकराच्या सुमारास सगळी दारे सताड उघडी पडल्यासारखा हेलकावत असतो. एकाच माणसात एकाच दिवशी दोन्ही चुका! या वेळी घरच्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून गोळ्यांच्या वेळा घड्याळ लावून बसवाव्या लागतात. डाळ, दूध, अंडी यांतील प्रथिने या औषधाच्या शोषणात आडवी येतात, म्हणून गोळी जेवणाच्या बरीच आधी घ्यावी असे सांगतात. ‘जेवण झाल्यावर घ्या’ हा औषधांविषयीचा आपला सर्वसाधारण संस्कार येथे नडतो. रुग्ण आणि घरचे म्हणतात औषध लागू पडत नाही. पुष्कळदा ते वरणाच्या वाटीशी झगडत असते.

आता दुसरी चूक. कोरिया या ग्रीक शब्दाचा अर्थ नृत्य. हातपाय, चेहरा, धड यांतून क्षणाक्षणाला वेगवेगळ्या, न जुळणाऱ्या हालचाली वाहत राहतात. माणूस चालतो तो नाचल्यासारखा. युरोपात मध्ययुगात अशांना सेंट व्हायटस या संताच्या देवळात नेत. आपल्याकडे अंगात आले म्हणून नेतात. दोघांचा हेतू वाईट नाही, वेळ मात्र जातो.

जॉर्ज हंटिंग्टन हा अमेरिकेतील लाँग आयलंडचा. बाप डॉक्टर, आजाही डॉक्टर. लहानपणी वडिलांबरोबर टांग्यातून जाताना रानातल्या रस्त्यावर त्याला दोन स्त्रिया दिसल्या. मायलेकी, उंच, हडकुळ्या, दोघीही वाकत-वळत, तोंडे वेडीवाकडी करत चालल्या होत्या. ते दृश्य त्याच्या मनातून गेले नाही. १८७२ साली, वय जेमतेम एकवीस-बावीस असताना, बापाच्या आणि आज्याच्या नोंदींच्या आधाराने त्याने या रोगावर निबंध लिहिला. त्याला पिढीजात ओळख असलेली घराणी समोर होती, म्हणून एका डॉक्टरला एका आयुष्यात दिसले नसते ते त्याला दिसले : रोग आईबापांकडून येतो, बहुधा भर संसारात येतो, बुद्धीला आणि मनालाही पोखरतो, आणि ज्या मुलाला तो लागला नाही त्याच्या वंशातून कायमचा नाहीसा होतो.

आज आपण त्याचे कारण अक्षरशः मोजू शकतो. चौथ्या गुणसूत्रावर एका जनुकात तीन रासायनिक अक्षरांचा एक गट लागोपाठ पुन्हा पुन्हा येतो. निरोगी माणसात ही आवर्तने पस्तिसाच्या आत असतात. चाळीस किंवा जास्त झाली तर पुरेसे आयुष्य लाभलेल्याला रोग होतोच. जितकी आवर्तने जास्त तितका रोग लौकर. हे जनुक १९९३ साली सापडले, आणि त्यासाठी व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराकाठच्या कोळ्यांच्या वस्त्यांत नॅन्सी वेक्सलर आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे जात राहिले. तेथे या रोगाची एकमेकांत गुंतलेली प्रचंड घराणी आहेत. वेक्सलर यांची स्वतःची आई याच रोगाने गेली होती. म्हणजे प्रश्न विचारणारी बाई स्वतःच त्या प्रश्नात उभी होती.

बापाला किंवा आईला हा रोग असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी. लक्षणे दिसण्याच्या कितीतरी आधी रक्ताच्या तपासणीवरून उत्तर मिळते. उत्तर मिळते, पण रोग बरा करणारे औषध नाही. अशा वेळी तपासणी करावी की नाही? पंचविशीतल्या मुलीला कळावे का, की पंचेचाळिशीत आपले काय होणार? काहींना कळल्याशिवाय चैन पडत नाही. पुष्कळांना कळूच नये असे वाटते, आणि हा त्यांचा हक्क जगभर मानला जातो. म्हणून आधी समुपदेशन, मग विचाराला सवड, मग वाटल्यास तपासणी, अशी रीत आहे. लहान मुलांची लक्षणे नसताना तपासणी करत नाहीत. तो निर्णय त्यांनी मोठेपणी घ्यायचा. आपल्या समाजात याच्या आड येते ते स्थळ. ‘बाहेर कळले तर बहिणीचे जमणार नाही’ म्हणून भावाला मागच्या खोलीत ठेवलेली घरे मी पाहिली आहेत. आणि लपवून जमवलेले लग्न पुढच्या पिढीतल्या निम्म्या संकटासह येते, तेव्हा सुनेला आपण कोठे उभे आहोत हे पाळणा हलल्यानंतर कळते. मी सासरच्यांना तपासणीचा दाखला मागण्याचा अधिकार द्या असे म्हणत नाही. तो अधिकार कोणालाच नसावा. पण जिचे आयुष्य जोडायचे तिला घराण्यात काय आहे हे तोंडाने सांगणे ही निराळी गोष्ट आहे. २०१७ च्या मे महिन्यात रोममध्ये पोप फ्रान्सिस यांनी या रोगाच्या कुटुंबांना भेट दिली. त्या भेटीत माराकाइबोकडचीही माणसे होती. भेटीचा रोख एवढाच होता, की यापुढे लपायचे नाही.

हंटिंग्टनच्या हालचाली आटोक्यात आणायला जे औषध वापरतात त्याचे नाव टेट्राबेनाझीन. ते करते काय? मेंदूतील डोपामीनचे साठे रिकामे करते. म्हणजे पुन्हा आपली सर्पगंधाच, केवळ कमी काळ टिकणारी! ज्या गुणाने एकाला थिजवले त्याच गुणाने दुसऱ्याला स्वस्थ बसता येते. त्याने मन खिन्न होण्याचा धोका असतो, म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवावे लागते.

कोरियाचा दुसरा प्रकार मुलांचा, आणि शिक्षक मंडळींनी तो नीट ऐकावा. घसा सुजतो, काही आठवडे किंवा महिने जातात, आणि पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचे, त्यातही मुलीचे, अक्षर अचानक बिघडते. हातातली वस्तू पडते. जीभ बाहेर काढायला सांगितली तर सर्पासारखी आत जाते. आपला हात धरायला सांगितला तर मूठ घट्ट-सैल होत राहते; डॉक्टर तिला गवळणीची मूठ म्हणतात, दूध पिळल्यासारखी. मूल रडके, चिडके होते. मास्तर म्हणतात लक्ष नाही. हा सिडनहॅमचा कोरिया. स्ट्रेप्टोकॉकस जंतूंशी लढताना शरीराची फौज चुकून स्वतःच्याच मेंदूवर उलटते. हालचाली बहुधा काही महिन्यांत जातात, पण याच रोगाचा दुसरा हात हृदयाच्या झडपांवर असतो. म्हणून हृदयाची तपासणी आणि पुढे वर्षानुवर्षे पेनिसिलीन. त्या मुलीला बाकावर उभे केले, की झडपेची तपासणी चुकते. हा संधिवाताचा ताप श्रीमंत देशांतून जवळजवळ गेला. आपल्याकडून अजून गेलेला नाही.

विल्सनच्या रोगाविषयी चार वाक्ये सांगतो, कारण तो चुकवता येतो. यात शरीराला अन्नातले जादा तांबे बाहेर टाकता येत नाही. ते यकृतात आणि मेंदूत साचते. विशीच्या आसपास कंप, अंग पिळवटणे, बोबडे बोलणे, शाळेत घसरण. डोळ्याच्या बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवे वलय. १९१२ साली किनियर विल्सनने वर्णन केले तेव्हा तो प्राणघातकच होता. १९५६ साली वॉल्श यांनी पेनिसिलामीन आणले आणि तांबे लघवीवाटे बाहेर निघू लागले. औषध जन्मभर घ्यावे लागते. एका अपत्याला हा रोग निघाला तर पाठच्या-पोटच्या प्रत्येक भावंडाला तो असण्याची शक्यता चारांत एक. भावंड धडधाकट दिसत असले तरी तपासावेच. नात्यात लग्न करण्याच्या आपल्या काही समाजांत हे विशेष लक्षात ठेवावे. तांब्याच्या भांड्यातले पाणी पिऊन हा रोग होत नाही, तो जन्मतः असतो. पण तो ज्याला आहे त्याने तांब्याचे भांडे दूर ठेवावे.

आणखी एक कारण आहे, ते आपल्या औषधांच्या डब्यात असते. उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड, चक्करीवरचे प्रोक्लोरपेराझीन, सिनारिझीन, फ्लुनारिझीन आणि मनोविकारांवरची काही औषधे डोपामीनच्या वाटेत आडवी उभी राहतात. तरुण मुलीला उलटीच्या इंजेक्शननंतर मान मागे ओढली जाणे, डोळे वर लागणे असे झाले तर ते भूत नव्हे. साध्या उताऱ्याच्या इंजेक्शनने ते बहुधा लौकरच उतरते. म्हाताऱ्या माणसाला कधी काळी चक्कर आली म्हणून लिहून दिलेली गोळी तो औषधाच्या दुकानातून वर्षभर आणत राहतो, आणि कंपवात झाला म्हणून येतो. गोळी बंद केली तर पुष्कळांचा कंप काही आठवड्या-महिन्यांत ओसरतो. मनोविकाराची औषधे मात्र कोणी स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. म्हणून ज्येष्ठांना कंप सुरू झाला तर डॉक्टरांकडे जाताना आधीच्या साऱ्या गोळ्यांची पिशवी घेऊन जावी. हे सांगायला फी पडत नाही आणि कित्येकदा तेवढ्यानेच काम होते.

डिस्टोनियाचा उल्लेख करून पुढे जातो. लिहायला बसले की बोटे लेखणीवर आवळतात आणि मनगट वाकते. तोच हात गुंडी लावतो, भाजी चिरतो. इटालियन वैद्य रामात्सिनीने अठराव्या शतकाच्या आरंभी कारकुनांच्या हातांविषयी लिहून ठेवले आहे. साहेब म्हणतो कामचुकार. आता आवळणाऱ्या स्नायूत बोट्युलिनम विषाचा सूक्ष्म अंश टोचतात आणि काही महिने तो सैल राहतो.

शस्त्रक्रियेविषयी प्रश्न येणारच. फ्रान्समधील ग्रनोबल येथे बेनाबीद यांनी १९८७ साली मेंदूच्या खोल भागात तार बसवून विजेच्या बारीक स्पंदनांनी कंप थांबवला. छातीच्या कातडीखाली लहानसे यंत्र असते. आता हे मुंबई-पुण्यातही होते. अप्पांसारख्या तीव्र कंपात आणि दिवसाचे तुकडे पडलेल्या पार्किन्सनमध्ये ते निवडक रुग्णांना चांगला गुण देते. रोग त्याने बरा होत नाही, खर्च मोठा आहे, आणि ज्याला लेवोडोपाचा गुणच कधी आला नाही त्याने त्यासाठी घर गहाण टाकू नये.

शेवटी एका घरातली गोष्ट. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात एक निवृत्त शिक्षक राहतात. पार्किन्सनला नऊ वर्षे झाली. सपाट फरशीवर त्यांचे पाय एकाएकी जमिनीला खिळतात, विशेषतः माजघराच्या दारात. ‘चला, चला’ म्हटले की आणखी घट्ट. पण जिना ते न अडखळता चढतात. पायरी डोळ्यांना दिसते, आणि त्या दिसण्याच्या आधाराने पाय दुसऱ्या वाटेने आज्ञा घेतात. ठेक्यावरही तसेच घडते, म्हणून पुण्यातल्या कंपवाताच्या रुग्णांच्या मित्रमंडळात मंडळी तालावर पावले टाकतात. हे ऐकून त्यांच्या नातवाने माजघराच्या दारापासून न्हाणीघरापर्यंत वीत-दीड वितीच्या अंतराने खडूने आडव्या रेघा ओढल्या. आजोबा रेघ ओलांडतात, मग पुढची, मग तिच्या पुढची. फरशी रोज पुसली जाते, तेव्हा शाळेत जाण्यापूर्वी रेघा पुन्हा ओढण्याचे काम त्याच्याकडे आहे.